श्यामच्या आईच्या तालुक्यातून: मराठी कुमार साहित्याच्या संपादक, प्रकाशक आणि लेखकांना खुले पत्र

प्रिय संपादक, प्रकाशक आणि लेखक मित्रमैत्रिणींनो,

स. न. वि. वि.

मी दापोली तालुक्यातली. दाभोळच्या खाडीकाठी आमचं घर आहे आणि सत्तावीस वर्षं मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. साने गुरुजींचं पालगड याच तालुक्यात, त्यामुळे ‘श्यामची आई’ आमच्याकडे शेजारघरची गोष्ट असल्यासारखी वाचली जायची. मी ती पहिल्यांदा वाचली पाचवीत. त्यातला तो प्रसंग तुम्हाला सगळ्यांना पाठ असेल. आंघोळ झालेला श्याम हट्ट धरतो की ओल्या तळव्यांना माती लागेल. आई आपले ओचे धोंड्यावर पसरते आणि मग सांगते, की पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस, तसा मनाला घाण लागू नये म्हणूनही जप.

त्या संध्याकाळी मगरिबच्या आधी आमची अम्मा पडवीत वजू करत बसली होती. हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, मग ओला हात डोक्यावरून, आणि सगळ्यांत शेवटी पाय. मी तिला तो प्रसंग वाचून दाखवला. पायांवर पाणी घेता घेता ती म्हणाली, “बरोबर सांगत्येय ती बाई.” आणि मुसल्ल्यावर जाऊन उभी राहिली.

अम्माला श्यामची आई परकी वाटली नाही. त्या घरातलं सोवळंओवळं, मुंज, व्रतवैकल्यं, यातलं काही आमच्या घरात नव्हतं. तरी एक गोष्ट दोन्ही घरांत होती: देव स्वयंपाकघरात, अंगणात, खोटं बोलताना, उपाशी झोपताना हजर असायचा. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकाला आजवर कुणी ‘धार्मिक पुस्तक’ म्हणून बाजूला ठेवलेलं मी ऐकलं नाही. ते घरातल्या मुलाचं पुस्तक म्हणूनच वाचलं गेलं. मी आज तुमच्याकडे मागते आहे ते एवढंच, की आमच्या मुलांच्या घरातला अल्लाहही मराठी गोष्टीत असाच, घरातल्यासारखा, राहू द्या.

हे पत्र लिहायला बसवलं ते एका विद्यार्थिनीने. नववीतली मुलगी, वाचनाची भारी आवड. शाळेच्या हस्तलिखितासाठी तिने एक कथा दिली. नायिकेची आजी वारते, घर सुन्न होतं, आणि दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवत नाही. मग नायिका आजीला दिलेलं एक वचन मनातल्या मनात पुन्हा उच्चारते आणि कावळा शिवतो. कथा नेटकी होती. पण मला माहीत होतं, की या मुलीची दादी दोन महिन्यांपूर्वीच गेली होती. मी मयतीला गेले होते. मी तिला विचारलं, “हे तुझ्या दादीवरूनच सुचलं ना? मग दहावा कुठून आला?” ती गोंधळली आणि म्हणाली, “बाई, गोष्टीत असंच असतं ना?”

ती खोटं लिहीत नव्हती. गोष्टीत माणूस कसा मरतो हे ती तुमच्यामाझ्या पुस्तकांतून शिकली होती. तिच्या स्वतःच्या घरात बायकांनी दादीला गुसल दिला, कफन नेसवलं, कापराचा वास तीन दिवस तिच्या नाकातून गेला नाही. जनाजा उचलला तेव्हा पुरुष गेले आणि ती बायकांबरोबर खिडकीत उभी राहिली, कारण आमच्याकडे मुली कबरस्तानात जात नाहीत. तिचा सातवीतला भाऊ गेला, दादीच्या कबरीवर त्याने तीन मुठी माती टाकली. तिने नाही. तीन दिवस चूल पेटली नाही, शेजाऱ्यांकडून डबे आले, त्यात हिंदू घरांतलेही होते. एवढं सगळं जगलेल्या मुलीने गोष्ट लिहायला घेतली आणि तिला कावळ्याची उसनवारी करावी लागली. मला त्या रात्री झोप लागली नाही. दोष तिचा नव्हता. तिला वाचायला पुस्तकं निवडून देणाऱ्या बाईचा, म्हणजे माझा, आणि ती पुस्तकं काढणाऱ्यांचा होता.

मग मी आमच्या वाचनालयातली मराठी कुमारकथांची कपाटं पुन्हा उघडून बसले. सुटीभर वाचत होते. मुसलमान पात्रं नव्हती असं नाही. होती. ऐतिहासिक गोष्टींत दगाबाज सरदार होते. साहसकथांत चोरटा माल उतरवणारे खलाशी होते. सामाजिक कथांत फळवाले, टांगेवाले, बँडवाले चाचा होते, प्रेमळ होते, आणि ते गोष्टीच्या शेवटी हिंदू नायकाचा जीव वाचवत होते. मुली फार थोड्या, आणि ज्या होत्या त्यांचं लग्न लवकर ठरत होतं. या सगळ्यांत चौदा वर्षांचं, स्वतःच्या डोक्याने विचार करणारं, आतून बोलणारं एक मुसलमान मूल शोधायला मला फार वेळ लागला.

भाषेचं तर काय सांगू. ही बहुतेक पात्रं ‘हम को मालूम नही साब’ असं बोलतात. कोकणातल्या मुसलमानांची घरची बोली पिढ्यान्‌पिढ्या मराठीचीच आहे. सातारा, सांगली, सोलापूरच्या खेड्यांतला मुलाणी आणि तांबोळी शेजाऱ्यासारखंच मराठी बोलतो. घरात दखनी बोलणारी कुटुंबंही आहेत, त्या बोलीचा स्वतःचा डौल आहे, पण ती मोडकी हिंदी नव्हे. गोष्टीतला इम्रान तोंड उघडताच परक्या भाषेत बोलायला लागला, की वर्गातला इम्रान मान खाली घालतो. हे मी पाहिलेलं आहे.

चित्रांबद्दल एकच सांगते. जांभ्याची भिंत, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे आगर आणि विहीर असं आमचं घर आहे. शेजारच्या घरासारखंच. दारात तुळशीवृंदावन नाही, एवढाच फरक. चित्रकार मात्र हिरवी भिंत आणि चंद्रकोर काढतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येते, श्रद्धेकडे. अलीकडे चांगल्या मनाने लिहिलेल्या काही गोष्टी येऊ लागल्या आहेत, त्यांत मित्रांच्या टोळीत एक सलीम किंवा एक आयेशा असते. याबद्दल मला आनंदच आहे. पण त्या सलीमच्या घरात गेलं की घर रिकामं असतं. तिथे अजान ऐकू येत नाही, कुणी दुआ मागत नाही, शाळा सुटल्यावर सिपारा वाचायला जावं लागत नाही, परीक्षेच्या आधी आई कपाळावर फुंकर घालत नाही. लेखकाला वाटतं की श्रद्धा आणली तर वाद होईल, म्हणून तो नाव ठेवतो आणि माणूस गाळतो. आणि जिथे श्रद्धा येते तिथे ती अडचण म्हणून येते. मुलीच्या डोक्यावर ओढणी असेल तर शेवटच्या प्रकरणात ती उतरायलाच हवी, नाहीतर गोष्ट पुढे गेली असं वाटत नाही.

हा माझा अंदाज नाही, अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एक कुमार कादंबरी लिहून एका प्रकाशकांकडे पाठवली होती. संपादक सौजन्याने बोलले. दोन सूचना आल्या: नमाजाचे प्रसंग कमी करा, मुलांना ते आपलं वाटणार नाही. आणि नायिकेने शेवटी स्कार्फ काढून वाऱ्यावर सोडला तर परिणाम साधेल. माझी नायिका धावपटू होती. तिला स्कार्फचा प्रश्न नव्हता, तिला गुडघ्याच्या दुखण्याचा प्रश्न होता. मी हस्तलिखित परत घेतलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच हे पत्र खासगी न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे.

मित्रांनो, या घरांत केवढ्या गोष्टी पडून आहेत! एक सांगते. इस्लामी वर्ष चंद्राचं, साधारण ३५४ दिवसांचं. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून मूळ जागी येतो. १९९२ च्या मार्चमध्ये मी दहावीला बसले, तेव्हा रोजे चालू होते. २०२५ च्या मार्चमध्ये माझे विद्यार्थी दहावीला बसले, तेव्हाही रोजे चालू होते. पहाटे सहरीला उठायचं, फजरनंतर गणिताची सूत्रं घोकायची, अकराचा पेपर, मार्चमधलं कोकणातलं ऊन, सेंटरवर बाकीच्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या. प्रवासाला आणि आजारपणाला रोजातून सूट आहे, परीक्षेला आहे का? बाप म्हणतो, पेपर संपल्यावर कजा कर. आजी म्हणते, मी तुझ्या वयाची असताना भात लावणीत रोजे धरले. पोरगा कुणालाच न सांगता स्वतःच्या मनाशी ठरवतो. काय ठरवतो, आणि विज्ञानाच्या पेपरला चक्कर आल्यावर अल्लाहशी काय बोलतो, ही कादंबरी आहे. ती मराठीतच लिहिली जाऊ शकते, कारण तो अल्लाहशी मराठीत बोलतो.

दुसरी गोष्ट मुलींची. पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, नंतर भरून काढायचा असतो. पण भावांना, काकांना कळू नये म्हणून किती मुली त्या दिवसांतही सहरीला सगळ्यांबरोबर उठतात आणि दुपारी माजघरात दार लोटून उभ्या उभ्या दोन घास गिळतात. मी गिळलेले आहेत. त्या वयातली लाज, घरातलं न बोललेलं आणि देवाने स्वतः दिलेली सवलतही लपवावी लागते याचा राग, हे सगळं त्या दोन घासांत आहे. हे वाचून माझ्या वर्गातल्या हिंदू मुलींनाही आपली आजी आणि ‘बाहेरचं बसणं’ आठवेल. त्यांच्यासाठी हे परकं कसं असेल?

तरावीहला उभं राहून पाय भरून आलेला मुलगा, अरबी अक्षरं अचूक म्हणणारी पण अर्थ विचारल्यावर गप्प बसवली गेलेली मुलगी, पहिल्या रोजाला हार घालून मिरवलेला आणि दुपारी गुपचूप नळाचं पाणी प्यायलेला सात वर्षांचा भाऊ. यांत संशय आहे, चुकारपणा आहे, भांडण आहे. मला संतासारखी मुलं नकोत. श्याम तरी कुठे संत होता? तो खोटं बोलला, चोरी केली, पोहायला घाबरून लपून बसला. म्हणून तर तो आपला वाटला.

इथे कुणीतरी लेखक आणि समाजसुधारक हमीद दलवाईंचं नाव काढेल, आणि काढायलाच हवं. ते माझ्याच जिल्ह्यातले, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. ‘इंधन’ने मराठी कादंबरीत कोकणातलं मुसलमान गाव खऱ्या रंगांत उभं केलं आणि १९७० साली त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. माझ्या आईच्या पिढीतल्या अनेक बायकांना त्यांच्यामुळे पहिल्यांदा तलाकाबद्दल मोठ्याने बोलता आलं. त्यांच्या प्रश्नांचं मोल मी जाणते. पण तेव्हापासून मराठी वाचकाने मुसलमान घरात शिरायचं एकच दार ठरवून टाकलं: सुधारणेचं. पंधरा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात सुधारणेखेरीज गणित असतं, मैत्रीण असते, चिडणारा मोठा भाऊ असतो आणि झोपण्यापूर्वी म्हटलेली आयतुल कुर्सी असते. प्रश्न विचारण्याचा हक्क तिला आहेच. ‘बायका मशिदीत का नाही?’ असं तिने मौलानांना जरूर विचारावं. पण ते तिने विश्वास ठेवणारी मुलगी म्हणून विचारणं आणि लेखकाने तिच्या तोंडून विचारणं यात फार अंतर आहे, आणि किशोरवयीन वाचक ते अंतर ताबडतोब ओळखतो.

तशीच दुसरी एक सवय. आमच्याबद्दल आपुलकी वाटणारे लेखक लगेच शिवकाळात जातात. शिवरायांच्या आरमारातले दौलतखान, मुन्शी काझी हैदर. ही नावं खरी आहेत आणि मुलांना ती कळायलाच हवीत. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमदही कळायला हवेत. पण आठवीतल्या मुलाला आज वर्गात बसण्यासाठी सतराव्या शतकातला दाखला का लागावा? एकाच वेळी मशिदीत गणपती आणि ईद, अशा गावांच्या बातम्या मीही कौतुकाने वाचते. तरी प्रत्येक मुसलमान पात्राने एकात्मतेचं काम करून दाखवलंच पाहिजे ही अट मुलांच्या खांद्यावर जड होते. त्याला नुसतं क्रिकेट खेळू द्या. हरू द्या. घरी येऊन चिडचिड करू द्या.

मी दहावी झाले त्याच वर्षीचा डिसेंबर मुंबईत कसा गेला ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी मुंबईत होतं. त्या डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींत सुमारे ९०० माणसं गेली, श्रीकृष्ण आयोगाने ते नोंदवलं आहे. गेलेल्यांत दोन्हीकडचे होते, मुसलमान अधिक. मी अकरावीत होते, वर्गात एकटीच मुसलमान मुलगी. कुणी मला काही वाईट बोललं नाही. फक्त आठवडाभर कुणी काहीच बोललं नाही. त्या गप्प वर्गावर मराठीत कुणी मुलांसाठी लिहिलं असेल म्हणून मी पुढची कित्येक वर्षं शोधत राहिले. मोठ्यांसाठी सापडलं. सोळा वर्षांच्या मला तेव्हा हाती धरता येईल असं काही मिळालं नाही. रात्री अम्मा सगळ्या मामांची नावं घेऊन दुआ मागायची, ती मात्र अजून कानात आहे.

आता तुम्ही म्हणाल, वाचणार कोण? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख, म्हणजे साडेअकरा टक्के होते. त्यांतली बरीच मुलं उर्दू माध्यमात जातात हे खरं, पण मराठी त्यांनाही शिकावी लागते, आणि त्यांच्या हाती पाठ्यपुस्तकापलीकडचं मराठी पुस्तक ठेवायचं तर त्यात त्यांचं काही असावं लागेल. बाकीच्या वाचकांना तर याची जास्त गरज आहे. मुसलमान घर आतून कधीच न पाहिलेली मुलं मी रोज शिकवते. त्यांच्याकडे मोबाइल आहे, आणि मोबाइलवर मुसलमान भरपूर दिसतात. कसे दिसतात ते मी सांगायला नको.

रुडीन सिम्स बिशप या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९० साली लिहिलं होतं की मुलाला पुस्तकात आरसाही हवा आणि खिडकीही. योगायोग असा, की त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, आणि त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते संतसाहित्याचे अभ्यासक यू. म. पठाण. म्हणजे मोठ्यांच्या साहित्यात दार तेव्हाच किलकिलं झालं होतं. पुढे २०१६ साली अमेरिकेत एका मोठ्या प्रकाशनाने ‘सलाम रीड्स’ नावाने मुसलमान मुलांच्या पुस्तकांची स्वतंत्र शाखाच काढली. तिथे मुसलमान लोकसंख्येच्या एक-दीड टक्का आहेत. आमच्या मराठीत, जिथे आम्ही शतकानुशतकं राहतो आहोत, मुलांचं कपाट अजून तसंच आहे.

वेगळी शाखा मी मागत नाही. तुमच्या नेहमीच्या मालिकांत, दिवाळी अंकांत, ‘किशोर’सारख्या १९७१ पासून घराघरांत जाणाऱ्या मासिकांत ही मुलं यावीत, आणि ईदच्या महिन्यापुरती नव्हे, जूनच्या अंकातही. हस्तलिखितात मुसलमान घर असेल तर छापण्यापूर्वी ते अशा घरात वाढलेल्या कुणाला तरी वाचायला द्या, आणि त्या वाचनाचं मानधन द्या. म्हणजे मोहरमला कुणी शुभेच्छा देणार नाही आणि फजरची नमाज दुपारी होणार नाही. मालेगाव, भिवंडी, मुंबईत उर्दूतून मुलांसाठी लिहिणारी माणसं आहेत. त्यांचं मराठीत आणा. आणि कृपा करून प्रत्येक शब्दाचा अर्थ कंसात देऊ नका. आम्ही मुंज, सोवळं, नैवेद्य, औक्षण हे शब्द कंसाशिवाय शिकलो. गोष्ट चांगली असली की शब्द आपोआप कळतात.

माझ्या समाजातल्या वडीलधाऱ्यांनाही इथेच एक विनंती करते, कारण हे पत्र त्यांच्याही हाती जाईल. कुणी लेखक आपल्या घरातला हट्टी, रोजा मोडणारा, प्रश्न विचारणारा मुलगा लिहील, तेव्हा लगेच ‘बदनामी’ म्हणू नका. तो मुलगा आपल्या घरात आहे. त्याने पुस्तकात स्वतःला पाहिलं तर तो आपल्यापासून दूर जाणार नाही.

त्या नववीतल्या मुलीने कथा पुन्हा लिहिली. आता तीत कावळा नाही. खिडकी आहे, खिडकीच्या गजांना धरलेले हात आहेत, आणि संध्याकाळी भाऊ परत आल्यावर ती त्याच्या नखांतली माती बघत राहते. हस्तलिखिताची शेवटची प्रत लिहिताना ती माझ्याकडे आली आणि विचारलं, “बाई, कफनचा अर्थ खाली लिहू का?”

मी नको म्हटलं.

आपली,
मराठीची एक शिक्षिका
दाभोळ, ता. दापोली, जि. रत्नागिरी